आठ दिवस उशीर झालेला ट्रे

आत्याच्या बंद पडलेल्या दवाखान्यात मी मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर सॅलडची पानं वाढवते. जागा तिची, उद्योग माझा. दातांचा दवाखाना असल्याने मला लागतं ते सगळं इथे आयतंच होतं: नळ, बेसिन, भरपूर उजेड. पेशंटची खुर्ची हलवायला चार माणसं लागतात, म्हणून ती तिथेच आहे. तिच्यावरच्या दिव्याखाली मी रोपं तपासते.

आत्या रोज येते, बाकावर बसते आणि माझ्या कामाला नावं ठेवते. हात कायम कोटाच्या खिशात. तीन वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं, कंटाळा आला. खरं म्हणजे तिचे हात थरथरायला लागले होते. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे, पण विषय काढायची सोय नाही. कुणासमोर ती चहासुद्धा पीत नाही. अठ्ठावीस वर्षं घाबरलेल्या माणसांना ‘मी आहे ना’ म्हणणारी बाई आता हात लपवून बसते, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा मी घोळ घातला. रोपं स्पंजच्या चौकोनांवर उगवतात. मुळं बोटभर खाली उतरली की एकेक चौकोन उचलून पाणी खेळवलेल्या पाइपच्या भोकात बसवायचा, इतकं सोपं काम. पण मी तापाने आडवी झाले आणि ट्रे आठ दिवस तसाच राहिला. उचलून बघते तर खाली सगळ्या मुळांची एकच गादी झालेली. साठ रोपं, आणि कुठलं मूळ कुणाचं याचा पत्ता नाही.

मी एक रोप ओढलं. तट्, मुळं तुटली. दुसरं ओढलं, पुन्हा तेच. चौथ्याला आत्याला राहवलं नाही.

"उपटतेस काय अशी?"

"मग काय, विनंती करू?"

"अगं, दातसुद्धा कुणी उपटत नाही. हलवून हलवून सैल करायचा, मग तो आपणहून येतो. बेसिनमध्ये पाणी घे. नळाचं नको, ट्रेमधलंच."

पाण्यात बुडवल्यावर गंमतच झाली. ती गादी हळूहळू फुलली आणि मुळं सुटी दिसायला लागली. बाहेर काढली की ओल्या केसांसारखी पुन्हा चिकटायची. मी तीन वेळा वर-खाली करून पाहिलं, काम विसरून. मग स्पंज धरून हलवला. तट्. आणखी हळू हलवला, तरी तट्. मुद्दाम हलवलेला हात कुठेतरी जास्त जातोच.

"सरक," आत्या म्हणाली.

ती बेसिनपाशी आली आणि थांबली. मी उगीचच दिवा दुसरीकडे वळवला. तिने तो परत ओढून घेतला.

"मला दिसायला नको?"

दोन्ही हात पाण्यात गेले. पाण्यावर बारीक लाटा उठल्या. तिने स्पंज नुसता धरला, बाकी काहीच केलं नाही. हात आपला थरथरत होता. एक मूळ सुटलं, मग दुसरं, आणि मिनिटभरात वीतभर पांढऱ्या मुळांसकट रोप तिच्या हातात आलं.

मला काही जीभ आवरता आली नाही. "आत्या, हे तुझ्या थरथरण्यामुळे होतंय का?"

तीन वर्षांत तो शब्द या खोलीत कुणी काढला नव्हता. आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"एकावरून काय सांगणार? दहा काढू, मग बोल."

दहापैकी नऊ अख्खी आली. मग उरलेली सगळी तिनेच सोडवली, आणि मुळं सुकायच्या आत मी ती भोकांत बसवत गेले. दोन तास तिने मला बाकावर बसू दिलं नाही.

पाचव्या दिवशी माझ्या हातून मुळं तुटलेल्या सहाही रोपांनी माना टाकल्या होत्या. तिच्या चोपन्नपैकी पन्नास ताठ उभी होती, मुळांना नवी पांढरी टोकं फुटलेली. आत्याने दिव्याखाली एकेक तपासलं. मग थर्मासमधून चहा ओतला आणि माझ्यासमोर प्यायली. थोडा कोटावर सांडला, तो तिने पुसलाही नाही.

"पुढचा ट्रे कधी काढणार?"

"गुरुवारी. या वेळी वेळेवर."

"आठ दिवस जाऊ दे की."

"अगं, मुळं गुंततील सगळी."

"गुंतू देत," आत्या म्हणाली. "मी आहे ना."