विझवणाऱ्याने घेतलेल्या घराचा जिना

मी जिना बोलतोय. लाकडी आहे, अर्धा जुना, अर्धा नवा, आणि वळणावर मला एक खिडकी आहे. एकदा बोलायला लागलो की थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माणसं वर्षानुवर्षं माझ्यावर उभी राहून बोलली, ते सगळं मी निमूट ऐकून घेतलं. घरात बोलता येत नाही ते जिन्यात बोलायचं, ही तुमची जुनी खोड. पाहुणे ‘निघतो’ म्हणून उठतात आणि खऱ्या गप्पांना माझ्या पायऱ्यांवर सुरुवात करतात.

पण ही गोष्ट माझी कमी आणि एका माणसाची जास्त आहे. तो आगीच्या बंबावर नोकरीला होता. अशा माणसाला दारात कोणी अडवत नाही, हे कधी लक्षात आलंय का तुमच्या? तो चपला-बूट काढत नाही, कोण पाहिजे असं त्याला कोणी विचारत नाही. तुमच्या अंथरुणावरून त्याने ओला पाइप ओढत नेला तरी तुम्ही हात जोडून बाजूला होता. त्याची सगळी इभ्रत एवढ्यातच असते. ती त्याच्या हातून कशी गेली, ते मी माझ्या खिडकीतून पाहिलं.

मला बनवणारा सुतार हाताचा चांगला, पण तोंडाचा फटकळ होता. मालकाशी त्याचं वाजलं आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच ठेवून तो निघून गेला. तेव्हापासून नवा माणूस वर पोचला की ठेचकाळतो आणि शिव्या मला बसतात.

माझे पहिले मालक म्हणजे शिंपी मास्तर. खाली दुकान, वर बिऱ्हाड. गळ्यात टेप अडकवून ते दिवसभर वरखाली करायचे. गिऱ्हाईकाला ‘उद्या नक्की’ असं सांगून वर येताना स्वतःशीच म्हणायचे, ‘उद्या कसलं होतंय.’ माणूस सज्जन होता. मला कधी पॉलिश मिळालं नाही, पण कधी कोणी आदळआपटही केली नाही.

एका दुपारी इस्त्री करता करता वीज गेली. मास्तरांनी इस्त्री तशीच कापडावर टेकवली आणि ते वर जेवायला आले. जेवत असताना वीज आली. पंखा सुरू झाला म्हणून नवरा-बायको खूश झाली, आणि खाली गिऱ्हाइकांच्या कपड्यांनी पेट घेतला.

माझ्या खालच्या पायऱ्या जळत होत्या तेव्हा हा माणूस आत शिरला. भिंतीला चिकटून चढत होता, कारण जळका जिना मधोमध तुटतो. प्रत्येक पायरीवर आधी बुटाची टाच दाबायचा आणि मग वजन टाकायचा. इतक्या काळजीने माझ्यावर कोणी कधी पाय ठेवला नव्हता. मास्तरांच्या बायकोला त्याने खांद्यावर घेतलं, मास्तरांचा दंड धरला आणि दोघांनाही सुखरूप खाली नेलं. समोरच्या घरातल्या काकू रस्त्यावर उभ्या होत्या. त्यांनी त्याला अक्षरशः हात जोडले आणि म्हणाल्या, “देवासारखे आलात हो.”

आठवड्याभराने तोच माणूस साध्या कपड्यांत आला. भिंती ठोकून पाहिल्या, तुळयांत खिळा रोवून पाहिला, मग माझ्या पायरीवर बसून मास्तरांना विचारलं, “विकणार का?”

मास्तरांचे हातपाय गळालेले होते. जळालेल्या कपड्यांची भरपाई करायची होती आणि मुलगी आपल्या घरी बोलावत होती. ते चटकन ‘हो’ म्हणाले. वर त्याचे आभारही मानले. किल्ली द्यायच्या दिवशी मास्तरांचा जावई माझ्यावरून उतरता उतरता पुटपुटला, “विझवलं यानेच, घेतोय पण हाच. विझवताना किती घाई केली असेल कोण जाणे.” मास्तर त्याच्यावर डाफरले. पण बोललेलं बोललं गेलं, आणि दार उघडं होतं, गल्लीत ऐकू गेलं.

खरं सांगायचं तर त्याने एक बादलीसुद्धा उशिरा ओतली नव्हती. मी साक्षीला आहे, पण जिन्याला विचारतो कोण?

त्याचं गणित साधं होतं. राहायला क्वार्टर सरकारी, रिटायर झालं की खाली करायचं. गुडघे आत्ताच कुरकुरत होते. एक दिवस ड्युटी आणि दोन दिवस सुट्टी, तर त्या सुट्टीत बंबावरची बरीच माणसं काही ना काही करतात. कोणी नळ बसवतं, कोणी मालाची गाडी चालवतं. हा पडकी घरं घ्यायचा, स्वतः दुरुस्त करायचा आणि भाड्याने द्यायचा. फायर स्टेशनात म्हणूनच त्याला ‘शेठ’ म्हणायचे. जळकं घर मात्र त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. लोक काळ्या भिंतीला घाबरतात. काजळी धुतली की खालची भिंत शाबूत असते, हे त्याला बंबावरच्या नोकरीमुळे ठाऊक होतं. हे घर मात्र भाड्याचं नाही, इथे आपण राहायचं, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं.

ती बिचारी पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या वरच्या पायरीला ठेचकाळली आणि हसून म्हणाली, “असू दे, ही बदलू नका. तुम्ही कधी आलात ते मला आतून कळेल.” मला ती तिथेच आवडली.

माझ्या जळक्या पायऱ्या त्याने स्वतः बदलल्या. बंबाचा ड्रायव्हर त्याचा जिवाभावाचा दोस्त, तो मदतीला यायचा. ड्रायव्हरला चेष्टेवाचून करमायचं नाही. दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “हा आमचा शेठ. आग बघून लोक पळतात, हा चौरस फूट मोजतो.” सगळे हसायचे. समोरच्या काकूही हसल्या, तेव्हा.

आता त्याची चूक सांगतो. त्याला माणसाशी कसं बोलावं हे कळत नव्हतं असं नाही, पण घरं बघून बघून त्याची नजरच तशी झाली होती. काकूंचे यजमान अर्धांगाने वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. एक दिवस हा हात पुसत त्यांच्या दाराशी गेला आणि चांगल्या मनाने म्हणाला, “काकू, काकांचं असं, तुम्हालाही हे चढणं-उतरणं पुढे झेपायचं नाही. कधी विकायचं मनात आलं तर आधी मला सांगा. भाव पाडून मागणार नाही.”

काकूंनी दार लावून घेतलं. हा परत आला आणि कामाला लागला. त्याला वाटलं, काकू विचार करतायत.

महिनाही झाला नसेल. भर दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरातून धूर आला. बंब आला तो नेमका याच्या ड्युटीचा. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मुखवटा चढवून हा सगळ्यात आधी उतरला आणि दाराकडे धावला. दारात काकू होत्या. दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या.

“तुम्ही नको,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याला पाठवा.”

त्याने मुखवटा वर केला. “काकू, सरका. काका वर आहेत.”

“माहितीये तुम्हाला ते. ते गेल्याशिवाय घर मिळायचं नाही, हेही माहितीये. मास्तरांचं घेतलंत, आता आमचं. तुम्ही माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही.”

त्याने त्यांना ढकलून आत जायला हवं होतं. म्हातारी बाई ती, एका हाताने बाजूला झाली असती. परक्या गल्लीत कोणी अनोळखी बाई असती तर त्याने क्षणभरही विचार केला नसता. इथे त्याचा पाय उचललाच नाही. तो मागे वळला आणि पाइप जोडणाऱ्या पोराला हाका मारल्या. त्या पोराची टाकी अजून गाडीतच होती. त्याने ती काढली, पाठीवर घेतली, पट्टे आवळले, मुखवटा लावला. काकू त्याला आत जाऊ द्यायला लगेच बाजूला झाल्या. तोवर वरच्या खिडकीतून काळा धूर लोटत होता.

काकांना बाहेर आणलं. ते गेलेले होते.

चौकशी झाली. कोणावर ठपका आला नाही. ड्रायव्हर माझ्या पायरीवर बसून त्याला समजावत होता, “बाई अडवत होती, तू काय करणार? आणि ती चेष्टा मी करत होतो, तू नाही.” शेठ म्हणाला, “मी आत जाऊ शकलो असतो. पण ती बोलली तेव्हा मला वाटलं, हिला खरंच तसं वाटतंय. मग पायच चालेना.” त्यानंतर ड्रायव्हर फारसा आला नाही. आला तरी चेष्टा करत नाही.

आता दोघं नवरा-बायको इथे राहायला आली आहेत. क्वार्टर सोडलं. दारं-खिडक्या नव्या, भिंतींना रंग नवा, पण समोरची खिडकी ते उघडत नाहीत. बायको एकदा म्हणाली, “दुसरीकडे जाऊ या का?” तो म्हणाला, “कुठे?” तेवढ्यावर विषय संपला.

आणि काल काकू आल्या. माझ्या पायऱ्या एकेक करून चढल्या, वरच्या पायरीशी अडखळल्या, कठड्याला धरून तिथेच बसल्या. तो दारात आला. त्याला ‘आत या’ म्हणायचं सुचलं नाही.

“दलाल येतात आणि रस्त्यावरूनच परत जातात,” त्या म्हणाल्या. “घर जळलेलं, त्यात माणूस गेलेलं. कोणी घ्यायला तयार नाही. मला बहिणीकडे जायचंय, पण हात हलवत कशी जाऊ? तुम्हाला हवं होतं ना? घ्या.”

“काकू, मला नको,” तो म्हणाला.

“मग मी कोणाकडे जाऊ?”

घेतलं तर गल्ली म्हणणार, शेवटी मिळवलंच. काकूही तेच म्हणत मरणार. नाही घेतलं तर ही बाई त्या काळ्या भिंतींत एकटी. ‘परवा परत विचारायला येते’ म्हणून ती उतरायला लागली तेव्हा तिला हात द्यायला तो पुढे झाला आणि मध्येच थांबला.

म्हणून मी बोलायला लागलो. जिन्याने लोकांच्या घरव्यवहारात पडू नये हे मला कळतं. पण तुमच्यापैकी कोणाला घर पाहिजे असेल आणि जळकं चालत असेल, तर आमच्या समोरचं बघा. काजळी धुऊन निघते. भिंती शाबूत आहेत, खोल्या हवेशीर आहेत. भाव फार ताणू नका. कोणीही या, पण लवकर या. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही आणि ती उद्या परत विचारायला येणार आहे.