सायलेन्सरचं ठिगळ

बेंगळूरात बोटभर मोटारींना सायलेन्सर करून देणारा मी एकटाच होतो, असं मी म्हटलं की आमची अनुसूया लगेच म्हणते, दुसरा कोण एवढा रिकामटेकडा असणार? म्हणू दे. बायको आहे, तिचा हक्कच आहे. विमानांच्या कारखान्यात टूलरूममध्ये मी तेहतीस वर्षं काढली. केसाएवढी चूक झाली तरी मला त्या दिवशी जेवण जात नसे. त्र्याण्णव साली रिटायर झालो आणि हात शिवशिवायला लागले.

शिवाजीनगरात एक दातांचा डॉक्टर होता, त्याला परदेशी मोटारींची मॉडेलं जमवायचा नाद. वरून काय ती चकाकी! उलटी करून बघावं तर सायलेन्सरच्या नावानं नुसती एक ओतीव रेघ. मला ते बघवेना. इंजेक्शनच्या जाड सुया उकळून घेतल्या, टोकं घासली, आत बारीक तार सारून वाकवल्या. तार असली की नळी चेपत नाही. बॉलपेनच्या पितळी रिफिलीचा तुकडा मधे बसवला, डाग दिला, मेणबत्तीच्या धुरावर काळा केला. डॉक्टर भिंग घेऊन बघतच राहिला. मग त्याचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले, आणि बनशंकरीतली आमची मागची खोली म्हणजे एक छोटं गॅरेजच झालं.

शहाण्णव साली, नवरात्राच्या पंधरा दिवस आधी, दारात सोयराक्का उभी. जयसिंगरावची बायको. वीस वर्षांनी आमची पायरी चढली होती.

जयसिंगराव म्हणजे आमचा जया. चामराजपेटेच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आमचे पूर्वज राजांच्या फौजेबरोबर घोड्यावरून इकडे आले आणि तुमचे पंचांग घेऊन मागून चालत, असं तो मला चिडवायचा. पुढे तो रजिस्ट्रार कचेरीत लागला, आणि सत्तर साली त्यानं जुनी फियाट अकराशे घेतली, फिकट निळी. काय दिवस होते ते! त्या गाडीत आम्ही सहा-सात माणसं कोंबून नंदी डोंगरावर जायचो, मांडीवर चित्रान्नाचे डबे घेऊन. वर्षभरानं शिरा गावाहून येताना दगड लागून तिचा सायलेन्सर फाटला आणि तिचा आवाज घोगरा झाला तो झालाच. गाडी कोपऱ्यावर वळली की अनुसूया कॉफी गाळायला उठायची. जया पायऱ्या चढून येईस्तोवर लोटा तयार. सायलेन्सर बदल म्हणून मी त्याच्या मागे लागून थकलो, पण तो नुसता हसायचा.

मग शहात्तरची आयुधपूजा आली. जयाच्या घरासमोर गाडी धुऊनपुसून उभी, झेंडूची माळ, कुंकू, सगळी गल्ली जमलेली. चाकाखाली लिंबू ठेवायला म्हणून मी वाकलो आणि पहिल्यांदाच खालून सायलेन्सर बघितला. फाटलेल्या जागी कसल्या तरी डब्याचं झाकण ठेचून गुंडाळलेलं, वर गंजक्या तारेचे वेडेवाकडे वेढे. मी टूलरूमचा माणूस, मला हसू आवरेना. मी मोठ्यानं म्हणालो, "जया, पूजा गाडीची आहे की डब्याची?" सगळी गल्ली हसली. उद्याच कारखान्यात आण, हे कापून फेकतो आणि नीट जोडून देतो, असंही वर म्हणालो. जया एकटा हसला नाही.

"तुझे हात लागायला नकोत तिला," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं. मला वाटलं, चार दिवसांत निवळेल. गाडीचा आवाज कोपऱ्यावर यायचा, अनुसूया सवयीनं उठायची, आणि आवाज आमच्या दारावरून पुढे निघून जायचा. असं किती वर्षं चाललं! मीही ताठ, कशाला जातोय त्याच्याकडे? एकोणनव्वद साली त्यानं गाडी काढून टाकली आणि तो आवाजही गेला. तेव्हा मला फार वाईट वाटलं, पण सांगणार कुणाला.

सोयराक्का बसली आणि मुद्द्यावर आली. जयाला उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून असतो, कुणाकडे बघत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, दुसरा झटका कधीही येईल. यंदा नवरात्रात पायऱ्यांवर गोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडताना खालच्या पायरीवर त्याची फियाट, बोटभर, ठेवावी असं तिच्या मनात होतं. आणि ती मी करावी, मी स्वतः नेऊन त्याच्या हातात द्यावी. त्यानं घेतली तर घेतली, नाहीतर हे असंच राहील, असं ती म्हणाली. मी सरी म्हणालो, म्हणजे बरं. दुसरं काय म्हणणार? माझ्या हातून त्यानं ती गाडी घ्यावी, याखेरीज मला काही नको होतं.

दातांच्या डॉक्टरकडे इटलीची फियाट अकराशे होती, ती मागून आणली. रंग काढून फिकट निळा दिला. आणि सायलेन्सर असा केला की तसा मी आजवर कुणाला केला नव्हता.

आता खरं सांगतो. ते ठिगळ मला आठवत होतं. अगदी डोळ्यांपुढे होतं. पण हात ते करायला तयार होईनात. म्हटलं, एवढ्याशा गाडीत तरी ते नीट असू दे. शहाणपणा, दुसरं काय.

घटस्थापनेच्या दिवशी गाडी घेऊन गेलो. जया किती वाळला होता! मला बघून त्याचे डोळे हलले. मी गाडी त्याच्या डाव्या हातात दिली आणि त्यानं घेतली. माझा जीव भांड्यात पडला. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, दारांवरून बोट फिरवलं, मग हळूच उलटी केली. खाली बघत राहिला. माझा तो सुतासारखा सरळ सायलेन्सर. मग त्यानं गाडी तशीच उलटी चादरीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी चपला घालून फाटकापर्यंत आलो होतो. सोयराक्का मागून आली.

"गुरुराजअण्णा, ह्यांना जन्मात एक खिळा सरळ ठोकता आला नाही. घरातला दिवा गेला तरी मी बदलते. त्या दिवशी शिऱ्याच्या रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं, मागच्या सीटवर सासूबाई तापानं फणफणलेल्या. हे चिखलात उताणे झोपले, माझ्या तुपाच्या डब्याचं झाकण दगडानं ठेचून बसवलं, कुंपणाची तार काढून बांधली आणि आम्हाला घरी आणलं. हातानं केलेली ह्यांची ही एकच वस्तू. तुम्ही चारचौघांत तिला हसलात. आणि आज ती पुसून आणलीत."

वीस वर्षं मी घोकत होतो की जयाच खुळा, जयाच रागीट. मला माझी लाज वाटली, भर रस्त्यात रडू येईल की काय असं झालं. मी फक्त विचारलं, तो डबा आहे का अजून? तिनं आतून आणून दिला. झाकण नसलेला, वर ताटली ठेवून चिंच भरायला वापरायची. काठाचा एक तुकडा कापून घ्यायची मी परवानगी मागितली आणि गाडीही परत मागून घेतली.

घरी येऊन तो सुंदर सायलेन्सर फाडला. ते सोपं होतं. अवघड पुढेच. डब्याचा पत्रा एवढ्याशा गाडीला जाड, तो दोन दिवस घासून कागदाएवढा पातळ केला, त्यातून तुरीच्या डाळीएवढा तुकडा घेतला. पण ठेचायला गेलो की तो सुबक बसायचा! तार गुंडाळली की वेढ्याला वेढा लागून यायचा. तेहतीस वर्षांची खोड, ती काय आठवड्यात जाते? सहा ठिगळं फेकून दिली. अष्टमीला अनुसूया कॉफी ठेवायला आली, स्वल्प वेळ बघत राहिली आणि म्हणाली, चष्मा काढा आणि डाव्या हातानं करा. आधी मी तिच्यावर खेकसलो. ती गेल्यावर चष्मा काढला.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. अनुसूयाही हळदीकुंकवाला बरोबर आली आणि सोयराक्काच्या मागे स्वयंपाकघरात गेली. मी जयाच्या पलंगाशी बसलो. गाडी दिली तर घेईना. मीच ती उलटी करून त्याच्यापुढे धरली.

जयानं बघितलं. डावा अंगठा त्या ठिगळावर ठेवला, तारेच्या वेढ्यांवरून पुढेमागे फिरवला. पुष्कळ वेळ. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याचं अर्धं तोंड हसलं. उन्हाळ्यापासून न बोललेला माणूस, ओठ जुळवायला त्याला किती कष्ट पडले ते मी बघत होतो.

"वाकडं," तो म्हणाला. मग थांबून, एकेक अक्षर ओढत, "जमलं... तुला."

मी हसलो, आणि डोळ्यांना पाणी आलं ते आलंच. सोयराक्कानं कुंकू लावलं. पुढच्या चाकांखाली ठेवायला एवढं लहान लिंबू कुठून आणणार, म्हणून तिनं लिंबाच्या दोन बिया ठेवल्या. जयानं डाव्या हातानं गाडी पुढे ढकलली. बियांवरून ती अडखळत गेली, आणि तो तोंडानं आवाज काढायला लागला. घर्र, घर्र, तसाच घोगरा.

स्वयंपाकघरातून अनुसूयाला ते दिसत नव्हतं. आवाज आला तशी ती उठली आणि कॉफी गाळायला लागली.