चहा न घेता गेलेलं पथक

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावानं पाहणी करनारी सात पथकं बघितली. माझं घर मिरजगावच्या रस्त्याला लागून, म्हनून समदी पथकं चहा माझ्याच दारात प्यायची. टँकर यायचा चार दिसांनी एकदा, पर साहेब लोकांना त्याचं काय हो.

त्या दुपारी घरात एकच हंडा पानी हुतं. माझी सून बनुबाई बाळंत होऊन तीन दिस झाले हुते आन टँकर दुसऱ्या दिशी यायचा हुता. हंडा तिच्यासाठी, हे मी ठरवलंच हुतं. तेवढ्यात रस्त्याच्या कामावर, खडीच्या ढिगापाशी, आभाळातनं एक इमान उतरलं. आतनं चौघं निघाले, हिरवे, डोक्यावर काचंच्या टोप्या. म्हटलं, आलं आठवं पथक, दिल्लीचं असंल. मी हंड्याला पाठ लावून बसले.

म्होरक्याच्या छातीवर एक पेटी हुती. ती रेडिओवरच्या बातम्यांवानी शुद्ध बोलायची. "तीन सूर्यांच्या साम्राज्याशी आमचे नऊशे वर्षे युद्ध चालू आहे. आम्हाला पाणी हवे. तुमचा ग्रह आम्ही ताब्यात घेत आहोत."

"घ्या की," मी म्हटलं. "आदी हिंडून तर बघा. समदी बघत्यात."

त्यांनी लई नीट बघितलं, आन पायी हिंडून. विहिरीत वाकून बघितलं. खडी फोडनाऱ्या बाया, वरडनारा मुकादम, मजुरांना खायला मिळनारी वाटीभर सुकडी, समदं बघितलं. परत आले तवा म्होरक्याचं तोंड उतरलं हुतं.

"शत्रू आमच्याआधीच येऊन गेला तर," पेटी म्हनली. "पाणी नेले, माणसांना दगड फोडायला बसवले, मोजून खायला घालतो. बाई, त्याचा तळ कुठे आहे? आम्ही तो जाळून टाकू."

तो तालुक्याच्या कचेरीचं इचारतोय, हे मला कळलं. पर कशी का असंना, आपली मानसं. मी म्हटलं, "मला अडानी बाईला काय ठावं."

त्यानं दारातनं आत बघितलं. बनुबाई, तिच्या कुशीतलं लेकरू, हंडा. मग मान खाली घालून चौघं गेले. आजवर चहा न घेता कुनी गेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, खरं सांगते.

दोन तासांनी तालुक्याच्या कचेरीची जीप आली, आत साहेब आन त्याची तीन मानसं. आभाळातनं काय पडलं त्याचा पंचनामा करायचा हुता. मी साहेबाला तोऱ्यात सांगितलं, "पानी न्यायला आल्ते, पर एका थेंबाला शिवले न्हाईत."

साहेबानं लिहून घेतलं आन वाचून दाखवलं. "शत्रूने पाणी नेलेले नाही. सबब गावात पाणी शिल्लक आहे. उद्याचा टँकर रद्द करण्यास हरकत नाही." मग अंगनातल्या बाजंवर टेकला आन म्हनला, "मावशी, चहा टाका. चौघांचा."

मी चुलीकडं गेले न्हाई. रस्त्यावर आले आन आभाळाकडं बघून मोठ्यांदा सांगितलं, "कचेरी यष्टी स्टँडच्या मागं हाय, पत्र्याच्या छपराची. पर एवढ्या लांब जायाचं काम न्हाई. साहेब आत्ता माझ्याच अंगनात बसलेत."