क्रेन आणि बिनकोपऱ्याचा माल

त्याला सगळे क्रेन म्हणायचे. धंदा लोकांचं घरसामान हलवायचा. एकदा याने पाचव्या मजल्यावरून कपाट पाठीवर घेऊन उतरवलं, आणि कपाटावर झोपलेली मांजर टेम्पोत पोचेपर्यंत जागी झाली नाही. खोटं वाटत असेल तर मांजरीला विचारा.

पण पोटचं पोरगं दीड महिन्याचं झालं तरी या पैलवानाने त्याला उचललं नव्हतं. हात मागे बांधून लांबूनच बघायचा.

"धरायचं कुठे? कडा नाहीत, कोपरे नाहीत. मान तर स्क्रू ढिला झाल्यासारखी डुगडुगते."

"उद्यापासून मी कामावर," बायको म्हणाली. "सकाळभर तू आणि तो. जमलं नाही तर त्याला घेऊन ये माझ्या ऑफिसात. पण घेऊन येणार कसा, म्हणा!"

ती आंघोळीला गेली, तशी क्रेनने आपल्या कामावरच्या जोडीदाराला हाक मारली. अंगाने काडी, नावानेही काडीच. दोघांनी पाळण्याभोवती एक चक्कर मारली.

"तू डोक्याकडून घे, मी पायाकडून," काडी म्हणाला. "दारात जरा तिरका करू."

"पट्टा लावायचा का?"

"मेल्यांनो, पियानो आहे का तो?" क्रेनची आई कडाडली.

तिने नातवाला उचललं, त्याचा लंगोट सोडला आणि त्याला नेऊन ठेवलं कुठे, तर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र सोफ्यावर. दुपारी पोचवायचा म्हणून तो कालच घरात आणून ठेवला होता.

"आई! त्याच्यावर नको!"

"का? चांगला मऊ आहे की," म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून मजा बघत उभी राहिली.

बाळाने पाय झाडले. तोंड वाकडं केलं. कारंजं उडायच्या आत क्रेनने झेप घेतली. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली, जसा काचेचा माल उचलतात तसा. सोफ्यावर थेंब नाही, सगळं मिशीवर.

"वाचला!" तो ओरडला.

"कोण रे?"

"सोफा!"

मग त्याने हातांकडे पाहिलं. हातांत पोरगं होतं, मोकळं झाल्यामुळे भलतंच खूश.

"आई... याला उतरवू कुठे?"

"हा इथलाच माल," आई म्हणाली. "आता उतरवायचा नाही."

सोफा काडीने एकट्याने नेला म्हणे, डोक्यावर. क्रेनचे हात अडकले होते.