लेस्टरच्या घराची हक्कसोड

तीस वर्षं मी शहाद्यात दस्त लिहितोय, आणि त्यातली निम्मी बहिणींची हक्कसोडपत्रं असतील. बाप गेला की भाऊ बहिणीला मोटरसायकलवर बसवून आणतात. ती 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' सही करते, भाऊ तिला साडी देतात आणि मग सगळे मिळून भजी खातात. दडपण माझ्यासमोरच्या बाकावर मांडी घालून बसलेलं मला दिसत असतं. राग येतो, तरी मी लिहितो, कारण माझंही पोट त्याच्यावरच आहे.

रूपचंद आणि धर्मेंद्र हे तापीकाठचे केळीवाले भाऊ. त्यांची बहीण मोहिनीताई रनाळ्याला दिलेली, तिथंच शाळेत शिक्षिका. दहा वर्षांपूर्वी वडिलांच्या वावरावरचा तिचा हक्क सोडल्याचा कागद मीच लिहिला होता. यंदाच्या चैत्रात तिघं पुन्हा माझ्याकडे आले. धर्मेंद्रच्या हातात साडीची पिशवी आधीच होती.

"हक्कसोड लिख," रूपचंद म्हणाला. "काकानं घर शे, लेस्टरले."

त्यांचे हेमकांतकाका चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडला गेले, बिनलग्नाचे राहिले, आणि गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्रात त्यांनी घर दोन पुतण्यांना आणि एका पुतणीला सारखं वाटून दिलं होतं. तिकडच्या वकिलाचं पत्र मोहिनीताईंच्या मांडीवर होतं. भाऊ चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात त्यांनी त्यातल्या आपल्या नावावर बोट ठेवलं.

"हिलालभाऊ, आजलगून कागदवर मन्हं नाव फक्त सोडाकरता उनं. काकानी पहिल्यांदा देवाकरता लिखं."

काही देण्यासाठी पहिल्यांदाच लिहिलेलं ते नाव तिथं राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण भाऊ परत आले आणि मी धंद्याचं तोंड केलं.

"हे वावर नाही," मी म्हणालो. "त्या घराला सातबारा नसतो. शहाद्यात लिहिलेल्या हक्कसोडीनं लेस्टरचं घर हलायचं नाही."

"मंग तठला तलाठी कोन शे?" धर्मेंद्रनं विचारलं. "त्याले भेटूत ना."

"तलाठी नाही, वकील आहे. माणूस गेल्यापासून दोन वर्षांच्या आत त्यांच्या नमुन्यात लिहून दिलं तर वाटणी बदलता येते. पण घर ज्याच्या नावावर, त्याला ते इथल्या इन्कमटॅक्सच्या रिटर्नमध्ये दर वर्षी दाखवावं लागतं. लपवलं तर दहा लाख दंड होऊ शकतो."

दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, त्यामुळे या घराण्यात सात पिढ्यांत कोणी रिटर्न पाहिला नव्हता. दंडापेक्षा त्यांना रिटर्नचीच जास्त भीती वाटली.

"एकदा रिटर्नमा नाव गयं ना," रूपचंद कुजबुजला, "साहेब केळीना घड बी मोजी जाई."

"अहो, शेतीचं उत्पन्न माफच असतं. फक्त घर दाखवायचं—"

"आनि इंग्लंडवाला चाळीस टक्का कापी लेतस!" धर्मेंद्र ओरडला. हे ज्ञान त्याला केळी भरताना ट्रकवाल्यांत मिळालं होतं.

"ते सव्वातीन लाख पौंडांच्या वर जेवढं असेल, त्यावर. हे घर जेमतेम सव्वादोन—"

"तू उगा ऱ्हाय रे हिलाल!" रूपचंदनं मला गप्प केलं.

"आणि आपल्याकडे तर वारसाहक्कावर कर—"

"उगा ऱ्हाय!"

तीनदा तोंड उघडलं, तीनदा त्यांनीच बंद केलं. मोहिनीताईंचा रिटर्न दर वर्षी भरला जातो, तोही त्या स्वतः भरतात. सगळं कळत होतं त्यांना, पण त्या पंख्याकडे पाहत बसल्या होत्या.

भाऊ बाहेर गेले, लिंबाखाली डोक्याला डोकं लावून उभे राहिले आणि परत आले ते थेट दानशूर होऊनच.

"मोहिनी," रूपचंद बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "बहीणना हक्क पहिला. घर तुन्हं."

आयजीच्या जिवावर बायजी उदार! वावराच्या वेळी हा हक्क कुठं गेला होता, असं जिभेवर आलं होतं. पण मला उगा राहायला सांगितलेलं होतं, मग मी उगा राहिलो.

आठ दिवसांत वकिलाकडून कागद आला. दोघांनी साक्षीदारांसमोर सह्या ठोकल्या आणि मग बसूनच राहिले.

"हक्क सोडनाराना मान ऱ्हास," रूपचंदनं आठवण दिली. वावराच्या वेळी साडी त्यानंच दिली होती, त्यामुळे रीत त्याला पाठ होती. मोहिनीताई निमूट उठल्या आणि एसटी स्टँडजवळून दोन टॉवेल, दोन टोप्या घेऊन आल्या. भावांनी टोप्या घालून फोटो काढले. साडी धर्मेंद्रनं बायकोसाठी घरी नेली.

ते गेल्यावर मी विचारलं, "ताई, कर लागत नाही हे तुम्ही का नाही सांगितलं?"

"बोलनी असती तर माले सही करनी पडती," त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांनी भाऊ वादळासारखे माझ्या टेबलावर आदळले. लेस्टरहून सुट्टीवर आलेल्या एका गाववाल्यानं त्यांना सांगितलं होतं, की घरावर वारसाहक्काचा एक पैसा कर लागलेला नाही आणि भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. मला जीपमध्ये कोंबून त्यांनी रनाळं गाठलं.

"मोहिनी, गलती व्हयनी," रूपचंद बसायच्या आतच म्हणाला. "घरना तीन वाटा करूत."

मोहिनीताईंनी आधी चहा दिला. कपबशा उचलल्या. मग पदर खोचून समोर बसल्या.

"करूत ना. घरना तीन वाटा, आनि वावरना बी तीन. हिलालभाऊ, लिखा."

तीस वर्षांत इतक्या आनंदानं मी पेन काढलं नव्हतं. धर्मेंद्रनं रूपचंदकडे पाहिलं, रूपचंदनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"तठे थंडी बी भलती पडस म्हने," रूपचंद शेवटी म्हणाला.

"आनि दरसाल रिटर्न," धर्मेंद्रनं मान हलवली. "कोन भरी?"

दोघं उठले आणि दाराशी चपला शोधू लागले. मला हसू आवरेना. मी पेनाला टोपण लावायला घेतलं.

"टोपन नका लावू," मोहिनीताई म्हणाल्या. "मी गंमत नही करी ऱ्हायनी."

एकेक चप्पल पायात घालून दोघं भाऊ दारातच थांबले.