जबडा कुठल्या रकान्यात

घोडेगावच्या योसेफबाबांना दोन विषयांत कुणी हरवू शकत नसे: बायबलमधल्या वंशावळी आणि सांधे. बैलाचा असो की माणसाचा, निखळलेला सांधा ते बसवून देत, आणि बसवता बसवता तो घरातल्या कुठल्या वस्तूसारखा आहे हेही ऐकवत. खांदा म्हणजे उखळ. कोपर म्हणजे बिजागरी. मान जात्याच्या खुंट्यासारखी, अंगठ्याच्या बुडाशी खोगीर. आणि कवटी म्हणजे गोधडी. तुकडे एकदा शिवले की हलायचं नाव नाही.

त्यांची एकुलती एक लेक लिडिया नगरला मिशनच्या इस्पितळात नर्सांना शरीररचना शिकवी. लढाईच्या त्या दिवसांत इंग्रजी पुस्तकं मिळेनात, म्हणून तिनं स्वतःच मराठीत एक पुस्तिका लिहिली होती. महिनाअखेर ती छापखान्यात जायची होती. त्याआधीच्या शनिवारी ती घरी आली आणि चुलीपुढं बसून तिनं बाबांना सांध्यांचा तक्ता वाचून दाखवला. शाबासकी हवी होती, हे ती कबूल करणाऱ्यांतली नव्हती.

तक्त्यात तीन मोठे रकाने होते: न हलणारे, थोडे हलणारे आणि मोकळे हलणारे. तिसऱ्याच्या पोटात आणखी रकाने. उखळीचे, बिजागरीचे, खुंट्याचे, खोगिराचे. ही नावं कुठून उचलली हे पुस्तिकेत कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि बाबांनीही विचारलं नाही. ते नुसती मान डोलवत राहिले.

"बिजागरीचे सांधे," लिडियानं वाचलं. "कोपर, बोटांची पेरं, जबडा."

"जबडा काड तिथनं."

"इंग्रजी पुस्तकात तसंच आहे, बाबा."

"मग त्या सायबानं कदी तोंड उघडून पायलं न्हाई. बिजागरी जागा सोडती का कदी? जबडा आदी फिरतो आन् मग फुडं सरकतो. दोन कामं हायती त्याला. कानाफुडं बोट ठिव आन् जांभई दे."

लिडियानं बोट ठेवलं नाही. तीस नर्सांना शिकवणाऱ्या बाईनं बापाच्या हुकमावरून जांभई द्यावी, हे तिला काही पटेना. भाकरी गार होतेय, एवढंच ती म्हणाली. 'बरोबर' हा शब्द ती वर्गात दिवसातून दहादा वाटत असे. बाबांच्या वाट्याला तो एकदाही आला नव्हता.

बाबांनी जेवणभर दोन्ही कानांपुढं बोटं धरून तोंडाची उघडझाप चालवली. त्यामुळं त्यांची भाकरी सगळ्यांत शेवटी संपली. रविवारी देवळातली उपासना सुटल्यावर ते मोटारीपर्यंत पोचवायला आले. पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशावर चालवलेली मोटार धुमसत होती, सुटत नव्हती. खिडकीखाली उभे राहून बाबांनी पुन्हा बोटं लावली आणि आ वासला. शेजारच्या बाईला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नसावं; ती मोठ्यानं म्हणाली, "नगरला चाललीय मोटार, नगरला!" लिडियानं हात हलवला. तोंड मात्र उघडलं नाही.

पुढच्याच बाजारात बाबा गेले. एका बैलाचा गुडघा तपासायला ते खाली बसले, हात गुडघ्यावर ठेवला, आणि तसेच राहिले. कितीतरी वेळ ते काही बोलेनात, तेव्हा विकणारा पुंजाराम घाबरला आणि बैल उतारावर लंगडतो हे त्यानं आपण होऊन सांगून टाकलं. मग कुणीतरी बाबांच्या खांद्याला हात लावला.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना होती. बेलापूरहून बाबांची बहीण केशरआत्या आली. रडण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पाळकसाहेबांना असं रडणं पसंत नसे, पण आत्यानं आजवर कुठल्याच पाळकाचं ऐकलं नव्हतं. तिनं उंबऱ्यातूनच सूर लावला, "आरं माज्या दादा," आणि तो दा लांबत लांबत एकदम बंद पडला. तोंड उघडंच. तिला समज आली असं समजून पाळकसाहेबांनी लगोलग प्रार्थना उरकली. आमेन झालं तरी आत्याचं तोंड मिटेना.

सगळ्यांनी लिडियाकडं पाहिलं. तिनं हनुवटी धरून दार ढकलावं तशी वर ढकलली. बिजागरीचं दार अशानं मिटतं. हे मिटलं नाही, उलट आत्यानं तिच्या हातावर फटका मारला.

मग लिडियाला आठवलं: जागा सोडून पुढं सरकतो. म्हणजे आधी खाली दाबायचा, मग मागं न्यायचा. तिनं खुंटीवरचं बाबांचं उपरणं काढून दोन्ही अंगठ्यांना गुंडाळलं, आत्याच्या उरल्यासुरल्या दाढांवर ठेवलं, आणि दाबलं. खट्कन आवाज झाला. उपरणं होतं म्हणून अंगठे वाचले.

आत्यानं जबडा दोनदा हलवून पाहिला. "माज्या हळदीला असाच निसटला हुता," ती म्हणाली. "दादानं बसवला तवा एवढं दुखलं न्हवतं."

लिडियानं कानांपुढं बोटं ठेवली आणि सगळ्यांदेखत आ वासला. हाड बोटाखाली आधी फिरलं, मग चांगलं ठळक पुढं गेलं. हिचाही अडकला की काय, म्हणून पाळकसाहेब अर्धे उठले.

तिनं तोंड मिटलं आणि बाबांच्या रिकाम्या बाजेकडं पाहिलं.

"सरकतो, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमचं बरोबर होतं. उखळ, बिजागरी, खोगीर, सगळं तुमचंच होतं."