आतल्या खोलीतला पाळणा

मावशींनी गोट्याचा सदरा वर केला आणि काचेचा पेला त्याच्या पोटावर टेकवून हलकेच दाबला. पेल्याखालचे गुलाबी ठिपके नाहीसे झाले. पेला उचलल्यावर पुन्हा उमटले. गार काचेने गोट्याला गुदगुल्या झाल्या आणि तो आपल्याच पोटाकडे बघून खुदकन हसला.

"विरतायत," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे चांगलं ना?" गोट्याच्या आईने विचारलं. ती चपलांच्या दुकानात कामाला होती. एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, अशी उभी होती.

"म्हणजे इस्पितळाकडे धावत सुटायला नको, इतपत चांगलं. पेल्याखाली जे विरत नाहीत ते वाईट. ताप कधी उतरला?"

"काल. तीन दिवस नुसता भट्टीसारखा तापला होता. काल एकदम गार पडला, आणि आज उठून बघते तर अंगभर हे. पण खेळतोय बघा ना कसा!"

"उतरला, की तू उतरवलास?"

"अहो मावशी, शप्पथ!"

शपथेला त्या दारात भाव नव्हता. मावशींनी गोट्याचं तोंड आपल्या नाकाशी नेलं आणि हुंगलं. पाळणाघर चालवता चालवता त्यांनी आयांचे प्रकार मनाशी लावून ठेवले होते. पुरळावर पावडर थापणाऱ्या, त्या भोळ्या. भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून आणणाऱ्या, त्या जरा शिकलेल्या. मूल झोपलेलं असतानाच खांद्यावरून खांद्यावर सोपवून पळणाऱ्या, त्या अनुभवी. आणि सगळ्यांत पोहोचलेल्या म्हणजे घरातून निघताना तापाचं औषध पाजणाऱ्या. मूल दुपारपर्यंत गार राहतं, आणि तापायला लागतं तोवर आईचा फोन लागेनासा होतो. त्यांच्यासाठी मावशींचं नाक होतं. त्या औषधाला स्ट्रॉबेरीचा एक खोटा, गोडसर वास असतो, आणि तो तोंडात बराच वेळ रेंगाळतो.

गोट्याच्या तोंडाला फक्त दुधाचा वास होता.

मावशींना कळायचं ते कळलं. आधी ताप, मग ताप जाऊन अंगावर फुलोरा, आणि मूल आनंदात. हे बाळांचं साधंसुधं दुखणं, आलं तसं निघून जाणारं. गोवर असता तर पुरळाबरोबर ताप आणखी चढला असता, डोळे लाल झाले असते, नाक वाहिलं असतं, आणि पोराने घर डोक्यावर घेतलं असतं. गोट्या तर पेला मागत होता.

"ये आत," असं त्या म्हणणार होत्या. तेवढ्यात गोट्याच्या आईच्या खांद्यावरून त्यांना रांगेतली मागची आई, बँकवाली, दिसली. ती आपल्या तान्ह्या चिमणीला छातीशी घट्ट धरून, चार पावलं मागे सरकून उभी होती, आणि गोट्याच्या पोटाकडे बघत होती.

मागच्या गल्लीत गोवर आल्याची बातमी सगळ्या आयांपर्यंत पोहोचली होती. चिमणी दिवस भरायच्या आत जन्मलेली, मूठभर पोर. गोवराची सुई टोचायचं तिचं वयच नव्हतं. तिच्या आईने अख्ख्या गावातली पाळणाघरं पालथी घालून मावशींचं दार निवडलं होतं ते या दारातल्या तपासणीसाठी, आणि तसं ती चारचौघींत सांगतही असे. तिच्या शब्दावर आणखी काही मुलं आली होती. तिच्या शब्दावर ती जाऊही शकत होती.

मावशींनी गोट्याचा सदरा खाली ओढला.

"घेऊन जा याला. डॉक्टरांना दाखव, मग बघू."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, विरतायत म्हणून!"

"डॉक्टर म्हणू देत. मी कोण?"

"आज नव्या मालाची मोजणी आहे, मावशी. मी नाही गेले तर ती मालकीण उद्या दुसरीला उभी करेल माझ्या जागी. तुम्हाला माहितेय ती कशी आहे."

"एकासाठी सगळ्यांना टांगणीला लावू? उद्या तुझ्याच पोराच्या शेजारी मी कुणाचं दुखणं आणून झोपवलं, तर चालेल तुला?"

गोट्याच्या आईने पोराला कडेवर मारलं आणि ती वळली. बँकवाली तिला वाट द्यायला भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"बरं केलंत, मावशी," ती गेल्यावर बँकवाली म्हणाली. "काय एकेक बायका असतात! तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त."

मावशींनी चिमणीचंही तोंड हुंगलं, कानामागे पाहिलं, तळवे पाहिले. नियम तो नियम. मग तिला घेऊन त्या आत गेल्या. बाहेरच्या मोठ्या खोलीत पोरांचा बाजार भरला होता. तो ओलांडून मागे मावशींची स्वतःची खोली होती. तिथे कुणाचं मूल ठेवायचं नाही असा शिरस्ता होता, पण बँकवालीची अटच होती की चिमणी इतर पोरांत नको. म्हणून तिचा पाळणा आतल्या खोलीत, मावशींच्या नातवाच्या पाळण्याला लागून ठेवला होता. घरातली सगळ्यांत सुरक्षित जागा.

नातवाला सगळ्या आया युवराज म्हणत. बाकीची प्रजा सकाळी दारात रांगेत उभी राही, पोटं दाखवी, आ करी. युवराज मात्र स्वयंपाकघरातून आजीच्या कडेवर बसून दरबारात येत. या विनोदावर मावशीही हसत.

आज युवराजांचा मूड नव्हता. खिडकीकडे तोंड केलं की तो डोळे मिटून घेत होता. मावशींनी पडदा ओढला. "ऊन खुपतंय का राजाला?" नाकाला धार लागली होती, ती त्यांनी पदराने पुसली. दात येताना नाक वाहतंच. मऊ भाताचा घास त्याने जिभेने बाहेर ढकलला. दातच. मधूनच तो कोरडा, ठणठणीत खोकत होता, आणि शेजारच्या पाळण्यात चिमणी त्या आवाजाने दचकून हात उडवत होती.

"हळू रे," मावशी म्हणाल्या. "पाहुणी झोपलीय."

मोठ्या खोलीतल्या मदतनीस बाईने दारातून डोकावून विचारलं, "याचे डोळे असे का हो? रडला का?"

"साबण गेला असेल आंघोळीत," मावशी म्हणाल्या. नव्या बाईला काय कळतंय, असं त्यांच्या भुवयांनी सांगितलं, आणि ती बाई आपल्या पोरांकडे परतली.

जेवणं उरकली. पोरं ओळीने निजली. मावशी युवराजाला उचलायला गेल्या, आणि त्यांचा हात त्याच्या पाठीवर टेकून तिथेच थांबला. अंगरख्यातून चटका बसत होता. सकाळी त्यांनी त्याला उचललं तेव्हा तो गार होता. सकाळी गार, दुपारी गरम.

खोलीत कुणी नव्हतं. तरी त्यांनी आधी दार लोटलं. मग वाकून नातवाचं तोंड नाकाशी नेलं, आणि हुंगलं.

वास फिका होता. पण होता.

त्यांनी विजेरी आणली, त्याचा ओठ बोटाने बाजूला केला आणि गालाच्या आत उजेड टाकला. लाल कातडीवर मिठाचे कण सांडावेत तसे पांढरे दाणे होते. उजेड डोळ्यांवर आला तसा तो किंचाळला. त्यांनी विजेरी बंद केली, त्याचे केस मागे सारले, आणि कानामागे पाहिलं. रोज सकाळी दुसऱ्यांच्या पोरांच्या त्या जागेवर त्यांचं बोट फिरत असे. इथे फिरलं नव्हतं. केसांच्या कडेला लालसर डाग उठले होते, आणि एकमेकांत मिसळत मानेकडे उतरत होते.

त्यांना पेला आणायची गरज वाटली नाही.

शेजारी चिमणी झोपेत तोंडाने हवा ओढत होती. दोन्ही पाळण्यांच्या मधून जेमतेम हात जाईल इतकी जागा होती. मावशींनी नातवाला उचलून स्वयंपाकघरात नेलं, मधलं दार लावलं, आणि सुनेला फोन केला. सून बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर होती.

"सकाळी याला औषध पाजलंस?"

पलीकडे तिकिटांच्या यंत्राची खरखर ऐकू आली.

"थोडंसंच. अंग कोमट लागत होतं."

"आजच?"

"परवापासून. नाही, त्याच्या आदल्या दिवसापासून. आई, माझ्यासमोर रांग आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही दारात काय म्हणता? आजारी मूल घरी ठेवा. मग मी माझं कुठे ठेवू? त्याचं घर तेच आहे ना." खरखर थांबली. सुनेचा आवाज खाली आला. "त्याचं तोंड तुम्ही कधी हुंगत नाही, म्हणून दिलं. दातांचंच असेल ना, आई?"

"गोवर आहे."

"असं कसं?"

"नवव्या महिन्याची सुई राहिली त्याची. सर्दी होती, पुढे बघू म्हटलं होतं."

"तुम्हीच म्हटलं होतंत, आई," सून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती नुसती घाबरली होती. "मी येते. पण तोपर्यंत कुणाला काही बोलू नका हां. पाळणाघर बसेल आपलं. पाया पडते."

मावशींनी फोन खाली ठेवला. तो लगेच थरथरला. आयांच्या ग्रुपवर सकाळपासून गोट्याचं पोट गाजत होतं. 'त्या दुकानवालीला लाज कशी नाही?' 'मावशींनी धाडलं ते उत्तम केलं.' 'तिला कायमचंच बंद करा.' आणि सगळ्यांत खाली, बँकवालीचं: 'उद्या कुणाला काही झालंच, तर कुणामुळे ते माहीत आहे आपल्याला.'

ते वाक्य मावशींनी पुन्हा वाचलं. मग पुन्हा एकदा. कुणी न मागता सोय करून ठेवावी, तशी ती ओळ तिथे होती.

गोवराला शिवावं लागत नाही. एका खोलीतली हवा पुरते. तान्ह्या मुलांसाठी वेगळी सुई असते, हे मावशींना माहीत होतं. संसर्गानंतर लवकर दिली तर पोर निभावतं, पण ते थोडे दिवस उलटून गेले की डॉक्टरही हात वर करतात. त्यांतले किती उलटले, हे त्यांना नीटसं ठरवता येईना. परवा, की त्याच्या आदल्या दिवशी. आणि ताप यायच्या आधीचे दिवस धरायचे की नाही? त्या उठल्या, नातवाला स्वयंपाकघरातच निजवलं, आतल्या खोलीची खिडकी सताड उघडली, चिमणीला घेऊन दाराशी आल्या आणि तिथेच, वाऱ्यात, तिला मांडीवर घेऊन बसल्या.

बँकवाली नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आली. मावशी उठून उंबऱ्याबाहेर गेल्या आणि दार पाठीमागे ओढून घेतलं.

"हिला आत्ता डॉक्टरांकडे न्या," त्या म्हणाल्या. "घरी नको, सरळ इथूनच. सांगा, पाळणाघरात गोवर आलाय, हिच्याजवळ आलाय. त्या सुईचं विचारा. उद्यावर अजिबात टाकू नका."

बँकवालीने मुलीला ओढूनच घेतलं. तिच्या हातातली पिशवी पडली, ती तिने उचललीही नाही.

"म्हणजे गोट्याला गोवरच होता! मी म्हणत होते. ती बाई पोराला उघडं करून इथे उभी, आणि मी हिला घेऊन तिच्या मागे! मावशी, किती वेळ होते हो मी तिच्या मागे?"

मावशींनी तोंड उघडलं. 'गोट्याला नाही, माझ्या नातवाला' हे वाक्य त्यांनी दुपारभर मनात घोळवलं होतं, आणि ते लांबही नव्हतं. दारामागे, स्वयंपाकघरातून, खोकला आला. कोरडा, ठणठणीत.

बँकवालीची मान वळली. "कोण खोकतंय? युवराज ना?"

"पाणी पीत होता," मावशी म्हणाल्या. "ठसका लागला असेल. तुम्ही निघा, उशीर करू नका."

त्यांनी खाली वाकून पिशवी उचलली आणि तिच्या खांद्याला अडकवून दिली. बँकवालीने त्यांचा हात दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तुम्ही होतात म्हणून, मावशी," ती म्हणाली, आणि फोन कानाला लावत झपाझप चालू लागली.

गल्लीच्या तोंडाशी ती थबकली. समोरून गोट्याची आई येत होती. गोट्या कडेवर होता. ती लांबूनच हात वर करून ओरडली, "डॉक्टर हसले हो मावशी! म्हणाले, काही नाही, खुशाल पाठवा उद्यापासून!"

बँकवालीने ओढणी चिमणीच्या तोंडावर टाकली आणि गल्लीच्या पलीकडच्या बाजूला गेली, भिंतीला घासत. जाताना ती गोट्याच्या आईला काहीतरी बोलली. मावशींना ते ऐकू आलं नाही. गोट्याच्या आईचा हात वरच राहिला. तिने जाणाऱ्या पाठीकडे पाहिलं, मग मावशींकडे. अजून ती रागावली नव्हती. कुणीतरी उलगडून सांगावं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्यासाठी ती दाराकडे चालत आली.

"तिथेच थांब," मावशी म्हणाल्या. त्यांनी हात दाराला आडवा लावला.

"आता काय राहिलं, मावशी?" ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "बरा आहे तो. बघा ना, तुम्हीच बघा!" आणि तिने गोट्याला त्यांच्यापुढे धरलं.

गोट्याने मावशींना ओळखलं. त्याने दोन्ही हात पसरले आणि त्यांच्याकडे झेपावला.